गडव्याचं बूड

(दृश्य: अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं एक गाव. शनिवारची शाळा सुटलेली. छपरीत चित्रकलेचा वर्ग. पाटावर पितळी गडवा, म्हणजे तांब्या, आणि दोन संत्री.)

आंबिया बहाराची तोडणी उरकत आली आहे, त्यामुळे संत्र्यांची वानवा नाही. गडवा मात्र सरांनी मुद्दाम न घासलेला मागून घेतलाय. चकचकीत स्टीलच्या भांड्यात अख्खी छपरी दिसते, आणि नवशिक्याला भांडं राहतं बाजूला, प्रतिबिंबंच काढावी लागतात. काळवंडलेल्या पितळेवर उजेड आणि सावली निवांत दिसतात. बल्बही बंद केलाय. दोन बाजूंनी उजेड आला की एक सावली दुसरीला खोडते, गोलाई हाती लागत नाही.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे गावोगावची मुलं अशी वस्तू समोर ठेवून बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बसली तरी बिघडत नाही.

(दृश्य: चित्राचा कागद, जवळून.)

गडव्याचं तोंड छान लंबगोल आलंय. बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखं सरळ. सातवीतली मुलगी विचारते, "सर, गडवा तं सपाट पाटावर ठेवला हाय ना जी? मंग बूड गोल कायले काढाचं?"

फार मोलाचा प्रश्न आहे हा. स्थिरचित्राचं, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राचं, निम्मं शिक्षण त्याच्या उत्तरात आहे.

सर गडवा उचलतात आणि त्याचं तोंड बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरतात. तोंडाचा गोल नाहीसा होतो, उरते एक आडवी रेघ. गडवा सरळ धरूनच ते तो हळूहळू खाली नेतात. रेघ उघडते, लंबगोल होते, रुंदावत जाते. डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. बूड तर तोंडाच्याही खाली. म्हणजे ते आकाराने लहान असलं तरी त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्तच हवी. बुडाची मागची कड दिसत नाही, तरी तीसुद्धा फिकट काढून घ्यायची. नंतर खोडता येते. आणि लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरा कधीच नसतो, तिथेही रेषा वळतेच.

(दृश्य: मुलगी हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरते.)

मग मापं. कोपर ताठ हवं, नाहीतर दर वेळी माप बदलतं. पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत गडव्याची रुंदी धरायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. कागदावर उभी मध्यरेषा, तिच्या दोन्ही बाजू सारख्या. पोट म्हणजे गोल, मान म्हणजे नळकांडं. पॉल सेझान या फ्रेंच चित्रकारानेही १९०४ साली एका पत्रात निसर्गाकडे नळकांडं, गोल आणि शंकू यांतून पाहायला सांगितलं होतं.

पेन्सिलींचं गणित सोपं आहे. शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. हे मिश्रण निकोला कोंते यांनी १७९५ मध्ये फ्रान्समध्ये आणलं. आकारासाठी मध्यम एचबी, छटेसाठी मऊ २बी आणि त्याहून मऊ ४बी. सुरुवातीला एवढं पुरे.

(दृश्य: संत्र्यावर छटा चढतेय.)

छटा बोटाने घासायची सवय लावूच नये. गुळगुळीत दिसतं खरं, पण सगळंच करडं होऊन बसतं. रेघांवर रेघा चढवाव्यात, संत्र्याच्या वळणाने. सर्वांत गडद पट्टा काठावर नसतो, काठाच्या जरा आत असतो. काठाशी पाटावरून परतलेला मंद उजेड असतो. तो उजेडाच्या बाजूपेक्षा कधीही पांढरा ठेवायचा नाही. खरा काळा रंग राखायचा तो संत्रं जिथे पाटाला टेकतं, त्या चिमूटभर फटीसाठी. तो नसला तर संत्रं पाटावर बसत नाही, हवेत तरंगतं.

सालीवरचे बारीक खड्डे मुलांना आधी काढायचे असतात. सर थांबवतात. आधी गोल उभा राहू दे. खड्डे शेवटी, तेही उजेड आणि सावली जिथे भेटतात तेवढ्याच पट्ट्यात, कारण डोळ्यांना ते तिथेच ठळक दिसतात.