आधी फ्यूज, मग स्क्रीन

[इंजिन जागेवर फिरतंय. हँडलवरच्या जीपीएसची कड, अगदी जवळून]

दुचाकीवर जीपीएस नीट कसं बसवायचं, ते पाहू. गाडी स्टँडवर आहे, इंजिन नुसतं फिरतंय. स्क्रीनची कड पाहा, एकीच्या दोन दिसतायत. ही थरथर हँडलच्या नळीतून क्लॅम्पमध्ये उतरते, क्लॅम्पमधून यंत्रात आणि शेवटी चार्जिंगच्या पिनेत. चारचाकीत वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारी यूएसबीची पिन इथे सॉकेटमध्ये सतत घासत राहते. आधी चार्जिंग अधूनमधून तुटतं, मग सॉकेटच ढिला होतो.

शेजारी ठेवलंय ते दुचाकीसाठी बनवलेलं यंत्र. त्याच्या पाठीला भोक नाही, धातूच्या सपाट टिकल्या आहेत. यंत्र ज्यात अडकवायचं त्या पाळण्यात त्यांच्यासमोर स्प्रिंगवरच्या पिना. यंत्र हललं तरी स्प्रिंग टिकली सोडत नाही. जास्तीचे पैसे मोजायचे ते या पाळण्यासाठी. नकाशा काय, कुठल्याही यंत्रात दिसतो.

[सीट निघते. बॅटरी, पाना]

पाना आधी निगेटिव्हवर. ती तार सुटेपर्यंत पॉझिटिव्हला हात लावायचा नाही. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना फ्रेमला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून धावतो. जोडताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

मीटर १२.७ व्होल्ट दाखवतोय. पूर्ण भरलेल्या, थोडा वेळ विसावलेल्या लेड-ऍसिड बॅटरीचा हाच आकडा. इंजिन चालू झालं की तो १३.५ ते १४.५ च्या घरात जातो. जीपीएसला हवेत ५ व्होल्ट आणि फार तर २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. बॅटरीचं व्होल्टेज ५ वर उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं तरी बॅटरीतून एक अँपिअरच्या आतच ओढलं जातं. गाडीच्या चार्जिंगला याचं ओझं होत नाही. त्रास देते ती मधली वाट.

[फ्यूज होल्डर तळहातावर]

या सगळ्या कामातली ही सर्वात स्वस्त वस्तू, आणि नेमकी हीच गाळली जाते. ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत. फ्यूज जीपीएसला राखतो हा गैरसमज आहे. तो राखतो तारेला. म्हणून तो हँडलजवळ बसवून काही साधत नाही. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कायम बिनराखणीचा असतो, तो जितका आखूड तितका बरा. तोच फ्रेमला घासून उघडा पडला तर टाकीखालचं वायरिंग जळतं.

तार ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची, बारीक तारा पिळलेली. भिंतीतल्या वायरिंगची एकसंध तांब्याची तार इथे थरथरीनेच मोडते.

[रिले उलटा धरलेला, पायांवरचे आकडे]

थेट बॅटरीवर जोडलं की चावी काढल्यावरही कन्व्हर्टर जागाच राहतो. समजा, तो २० मिलिअँपिअर खातोय. ऐकायला किरकोळ वाटतं. दिवसाचे होतात ०.४८ अँपिअर-तास, आठवड्याचे ३.३६. बॅटरी ८ अँपिअर-तासांची असेल तर आठवडाभर उभ्या गाडीत चाळीस टक्क्यांहून जास्त गळून जातं. म्हणून रिले, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर ही वाट जोडणारा-तोडणारा स्विच.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले आहेत: ३०, ८५, ८६, ८७. फ्यूजमधून आलेली तार ३० वर. ८७ वरून निघते ती कन्व्हर्टरकडे. ८५ बॅटरीच्या निगेटिव्हला. ८६ ला हवा चावीवर चालणारा १२ व्होल्टचा इशारा. तो मागच्या लाल दिव्याच्या तारेवरून घ्यायचा. आत डायोड असलेल्या रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, पॉझिटिव्ह ८६ लाच. रिलेच्या आतल्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे दिव्याच्या तारेवर भार पडत नाही.

एकट्या जीपीएससाठी रिले म्हणजे चैन, असं कोणी म्हणेल. भाराच्या हिशेबाने ते खरंच आहे. पण जीपीएस थेट लाल दिव्याच्या तारेवर टांगलं आणि त्याच्या केबलमध्ये शॉर्ट झालं, तर उडतो गाडीचा स्वतःचा फ्यूज. मग रात्री मागचा दिवा गेलेला असतो.

दिव्याची तार निवडताना मीटर दोनदा लावायचा: एकदा डीसीवर, एकदा एसीवर. काही जुन्या आणि छोट्या गाड्यांत हेडलाइट सरळ अल्टरनेटरवर चालतो. त्या तारेत एसी असतो, इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होणारा. तिथे हात घालायचा नाही. दिव्यांवर कंट्रोलर लक्ष ठेवतो अशा कॅन-बसच्या गाड्यांत दिव्याच्या तारेवरचा जोड बिघाडाचा इशारा पेटवू शकतो. त्यांत बहुधा ऍक्सेसरीचा वेगळा कनेक्टर दिलेला असतो, तोच वापरावा.

[जुना जोड: काळी टेप उलगडली जाते, आत हिरवट तांबं]

हा तारा पिळून, वर टेप गुंडाळून केलेला जोड. उष्णतेने टेपचा गोंद ओघळला, टोक उचकटलं, पाणी आत गेलं. हिरवं दिसतंय तो तांब्यावरचा गंज. शेजारी दाबून बसवायचा निळा प्लास्टिकचा जोड आहे. वायर सोलायची नाही, फक्त पक्कडीने दाबायचं, म्हणून तो लोकप्रिय. आतलं पातं वायरचं आवरण कापतं आणि बरोबर दोन-चार तारासुद्धा. उरलेल्या तारा थरथरीत एकेक करून तुटतात.

[क्रिम्पिंगचं हत्यार, संथ गतीत]

आता नीट पाहा. सुमारे ६ मिलिमीटर आवरण काढलंय, आतली एकही तार कापली गेलेली नाही. तारा हलकेच पिळल्या. लाल बाहीचा लग, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा घेतला, कारण लाल बाही ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी, निळी १.५ ते २.५ साठी. जाड बाहीत बारीक तार दाबली की वरून घट्ट दिसते, आतून सुटी राहते. रॅचेटचं हत्यार पूर्ण दाब बसेपर्यंत उघडतच नाही, म्हणून साध्या पक्कडीपेक्षा तेच घ्यावं. दाबून झाल्यावर हाताने चांगला हिसका द्यायचा. निघायचा असेल तर आत्ताच निघू दे.

वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक बाही. गरम हवेने ती आवळत जाते आणि दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर येते. ती दिसली की पाणी बाहेर राहिलं. सोल्डर का नको? वितळलेलं सोल्डर तारांच्या मधून वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ संपून मऊ सुरू होते त्या रेषेवरच तार मोडते. सोल्डर करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तार बांधून टाकावी, म्हणजे ती रेषा वाकणार नाही.

[टाकी उचललेली. केबल हार्नेसबरोबर पुढे सरकते]

केबलला स्वतःची वाट काढू द्यायची नाही. कारखान्यातलं हार्नेस, म्हणजे गाडीच्या तारांचा जुडगा, जिथून जातं तिथूनच हिला न्यायचं, सायलेन्सरपासून लांब. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही टोकांना केबलला ढील हवी, आणि ती स्टिअरिंगच्या अडसरात चेपली जाता कामा नये. कनेक्टरच्या अलीकडे केबल थोडी खाली झुकवून मग वर न्यायची. पाणी त्या झोळात येऊन टपकतं, कनेक्टरमध्ये चढत नाही. यंत्रावरचा आयपीएक्स७ हा पाणीरोधाचा शिक्का म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण झाकणं बंद असतील तरच. पिन लावायला रबरी झाकण उघडलं की तो शिक्का विसरावा.

[हँडलवर यू-बोल्ट]

हँडलचा व्यास मापायचा, अंदाज नको. बहुतेक हँडल २२ मिलिमीटरची, क्रूझरवर अनेकदा २५.४, आणि मधे जाड असलेल्या टेपर हँडलवर मधोमध २८.६. यू-बोल्टचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे. एकच आवळत गेलं की बोल्ट तिरका बसतो आणि क्लॅम्प फिरतो. नट आतून नायलॉनचे. नट सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा थेंब धातूवर ठीक; प्लॅस्टिकच्या पाळण्याजवळ तो नेऊ नये, प्लॅस्टिकला तडे जातात.

यंत्र आणि हँडल यांच्यामधला हात जितका आखूड तितकं डोलणं कमी. पाळण्याच्या पाठीमागची चार भोकं ३० बाय ३८ मिलिमीटरवर असतात, त्यामुळे एका कंपनीचा पाळणा दुसऱ्या कंपनीच्या हातावर बसतो. स्क्रीनने मीटर, इशाऱ्याचे दिवे, चावी यांतलं काही झाकू नये. फोन लावणाऱ्यांसाठी एकच: मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलंय.

[स्टार्टर दाबला जातो. मीटरचा काटा कोसळतो]

स्टार्टर फिरताना व्होल्टेज दहाच्या आसपास आलं. एवढ्या घसरणीत काही कन्व्हर्टर क्षणभर बंद पडतात आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आत बॅटरी असेल तर जाणवत नाही. नसेल तर इंजिन सुरू झाल्यावरच यंत्र चालू करावं. स्वस्त कन्व्हर्टरचा गोंगाट १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या उपग्रह संकेतात मिसळू शकतो, म्हणून तो यंत्राला चिकटवून ठेवू नये, सीटखालीच असू द्यावा.

यंत्र आणि हँडल जोडणाऱ्या त्या हाताच्या गोळ्यावर रबराचा थर आहे. पहिल्या तासाभराच्या धावेत तो दबतो आणि पकड सैल होते. गाडी थांबवून हाताचा स्क्रू पुन्हा आवळायचा, यू-बोल्टचे नटही.