सिमला ऑफिस ते मगरपट्टा

(दृश्य: शिवाजीनगर, सकाळचे साडेआठ)

सिमला ऑफिसच्या चौकातून रोज हजारो गाड्या जातात. पुण्यात सिमला कुठून आलं, हे विचारायला सिग्नलला कुणाला वेळ नसतो. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आवारातली ही पांढरी लाकडी पेटी बघा. भिंतींच्या जागी झडपा, दार उत्तरेकडे. आतल्या तापमापकाला वारा लागतो, ऊन लागत नाही.

पुण्याच्या नोंदवहीत ३० एप्रिल १८९७ चा आकडा आहे ४३.३ अंश. २८ एप्रिल २०१९ चा, ४३. "बघा, ऊन तेव्हाही होतंच की!" असं म्हणणारे काका प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. आकडा त्यांचा बरोबर आहे. पण एका दुपारवरून हवामान ठरत नाही, त्याला तीसेक वर्षांची सरासरी लागते. आणि शहर वाढलं की आधी बदलते ती रात्र.

(दृश्य: मगरपट्टा, गच्ची, रात्रीचे दहा)

कठड्यावर हात ठेवा. सूर्य मावळून तीन तास झाले, तरी कोमट लागतो. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते सोडत बसतात. त्यात शेजारच्या एसीचा गरम वारा. थंडीत पाषाणला लोक शेकोटी पेटवतात, त्याच पहाटे मगरपट्ट्यात पारा कित्येकदा काही अंशांनी वर असतो. शहर एकच, आभाळही एकच. १७ जानेवारी १९३५ ला याच पुण्यात १.७ अंश होतं, हे इथं कुणाला सांगून पटायचं नाही.

२०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख होती. २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३. शेतं गेली, स्लॅब आले.

पावसाचंही तेच. हवा एका अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि खाली ते मुरायला माती उरलेली नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगरात गाड्या काडेपेट्यांसारख्या एकमेकींवर रचल्या. एरवी त्या ओढ्याला लोक नाला म्हणत.

(दृश्य: पुन्हा गच्ची, रात्रीचे अकरा)

आजींनी दोन बादल्या पाणी मारलंय. दहा मिनिटांत स्लॅब कोरडा. अंथरूण अजून गुंडाळलेलंच आहे.