आधी निर्णय, मग प्रश्नावली: विद्यापीठाच्या ऑनलाइन व्यासपीठासाठी वापरकर्ता संशोधनाची आखणी

ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुधारायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली हालचाल एकच असते: विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवायची. 'व्यासपीठाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच.' उत्तरं येतात, समजा सरासरी ३.६ निघते. आता कुठलं पान बदलायचं? ते त्या ३.६ मध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून आज माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. संशोधनाची सुरुवात निर्णयापासून करा. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो कोण घेणार, कधीपर्यंत घेणार, आणि खरोखर शक्य असलेले पर्याय कोणते. 'विद्यार्थ्यांचा अनुभव समजून घेणे' हा निर्णय नव्हे. 'पुढच्या सत्राआधी असाइनमेंट जमा करण्याची पद्धत सगळ्या विषयांत एकसारखी करायची का' हा निर्णय आहे. 'कोण घेणार' ही ओळ रिकामी राहत असेल, तर ती भरेपर्यंत पुढचं काम सुरू करू नका. ज्याच्या हातात बदलाचा अधिकार आहे तो माणूस पहिल्या दिवसापासून सोबत नसेल, तर शेवटी त्याच्यासमोर अहवाल ठेवून उपयोग होत नाही.

असाइनमेंटचंच उदाहरण धरून पुढे जाऊ, कारण विद्यार्थ्याचं न भरून येणारं नुकसान होतं ते तिथे.

कोणालाही भेटण्याआधी घरात काय आहे ते बघा. हेल्पडेस्ककडे आलेल्या मागच्या दोन सत्रांच्या तक्रारी काढा. नावं आणि ओळख पटवणारे तपशील काढून टाका, आणि दोघांनी स्वतंत्रपणे त्यांचे गट पाडा. दोघांचे गट जुळत नसतील तिथे तक्रार पुन्हा वाचा. शब्द जसेच्या तसे ठेवा, कारण त्या शब्दांतच कारण दडलेलं असतं. '१५ तारखेला रात्री १२ पर्यंत' अशी मुदत वाचून एकाला १४ तारीख संपतानाचे १२ वाटतात, दुसऱ्याला १५ तारीख संपतानाचे. हा गोंधळ समजायला मुलाखतीची गरज नाही. मुदत ११:५९ लिहा आणि पुढे चला.

मग प्रणालीच्या नोंदी, म्हणजे लॉग. समजा त्यांत असं दिसलं की बऱ्याच जणांची फाइल मुदतीच्या आत अपलोड झाली, पण तिची स्थिती 'मसुदा' अशीच राहिली, शेवटचं 'सबमिट' दाबलंच गेलं नाही. काय झालं आणि किती वाजता झालं, हे लॉग अचूक सांगतो. का झालं, ते सांगत नाही. कारणं निदान तीन असू शकतात. छोट्या पडद्यावर ते बटण खाली राहिलं आणि दिसलं नाही. किंवा दिसलं, पण फाइल अपलोड झाली म्हणजे काम झालं असं वाटलं. किंवा सगळं नीट कळलं होतं, पण एकदा सबमिट केलं की दुरुस्ती करता येणार नाही या धास्तीने मुद्दाम थांबवलं आणि नंतर राहून गेलं. पहिल्यावर उपाय म्हणजे बटणाची जागा, दुसऱ्यावर शब्द आणि स्थितीचा स्पष्ट संदेश, तिसऱ्यावर नियमच बदलणं. कारण न शोधता बटण मोठं आणि लाल केलं, तर तिसऱ्या कारणाने थांबलेला विद्यार्थी आणखीच घाबरेल.

यात आणखी एक पदर आहे. मूडलसारख्या, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या प्रणालीत, आधी अपलोड आणि मग सबमिट ही दोन पायऱ्यांची पद्धत शिक्षक प्रत्येक असाइनमेंटपुरती चालू किंवा बंद ठेवू शकतात. एका विषयात फाइल जतन केली की जमा झाली, दुसऱ्या विषयात त्यानंतर आणखी एक बटण. पहिल्या विषयात लागलेली सवय दुसऱ्यात दगा देते. एकच पान घेऊन तपासणी केली तर हे कधीच दिसणार नाही, कारण दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणूनच शिक्षक हेही वापरकर्तेच, हे आखणीत पहिल्यापासून धरायला हवं. असाइनमेंट तयार करताना ते कोणत्या खुणा बदलतात, कोणत्या न वाचता तशाच ठेवतात, मागच्या वर्षीचा कोर्स उचलून आणताना जुन्या तारखा कशा सोबत येतात, हे त्यांच्या शेजारी बसून बघितलं तर विद्यार्थ्यांच्या बऱ्याच अडचणींचा उगम तिथे सापडतो.

आता, बोलवायचं कोणाला? शाखा आणि वर्ष यांनुसार यादी करणं सोपं असतं, पण वापरातला फरक त्यामुळे होत नाही. परिस्थितीनुसार गट करा: फक्त मोबाइलवर शिकणारे, नोकरी सांभाळून रात्री शिकणारे, बऱ्याच वर्षांनी शिक्षणात परतलेले, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे, आणि ज्यांनी मध्येच येणं सोडलं ते. हा शेवटचा गट मिळवणं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाचं. व्यासपीठावरच सूचना लावली तर तिथे रोज येणारेच ती वाचतात. जे येत नाहीत त्यांच्यापर्यंत फोनने, विभागाच्या कार्यालयातून किंवा ग्रंथालयातून पोचावं लागतं. निवडीसाठी विचारायचे प्रश्न कृतीबद्दलचे ठेवा. 'तुम्हाला तंत्रज्ञान जमतं का' याचं उत्तर काहीही येऊ शकतं. 'मागची असाइनमेंट कोणत्या उपकरणावरून जमा केलीत' याचं उत्तर ठाम येतं.

किती जणांना, हा हमखास येणारा प्रश्न. 'पाच पुरेत' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यामागे जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित आहे. एखादी अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येत असेल, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. पण हा ३१ चा आकडा प्रत्येक अडचणीला लागू नाही. दर दहांतल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. ती ९० टक्क्यांवर न्यायची तर २२ जण लागतात. शिवाय ते पाच एकाच प्रकारचे वापरकर्ते धरलेले आहेत. मोबाइलवाले पाच आणि स्क्रीन रीडरवाले पाच हे वेगळे पाच. माझं मत असं, की एकदम पंधरांना न बसवता पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या वेळात सापडलेलं दुरुस्त करा. पहिल्या फेरीतली मोठी अडचण पुढच्या अडचणी झाकून ठेवते. जो बटणापर्यंतच पोचला नाही, त्याला बटणानंतरचा संदेश कळला की नाही हे तुम्हाला समजणार कसं?

वेळापत्रक शैक्षणिक दिनदर्शिकेवर बसवा, तुमच्या सोयीवर नको. विषय शोधणं आणि नोंदणी तपासायची असेल तर सत्राचे पहिले दोन आठवडे, कारण नंतर सगळ्यांना वाटा पाठ झालेल्या असतात. जमा करणं तपासायचं तर मुदतीचा आठवडा गेल्यावर लगेच. परीक्षेच्या काळात कोणालाही बोलावू नका. निर्णयाच्या बैठकीची तारीख आधी पक्की करा आणि तिथून मागे मोजत या. एका फेरीला साधारण आठ आठवडे धरा: दोन तक्रारी आणि लॉग यांना, दोन माणसं जमवायला आणि कामं लिहायला, एक रंगीत तालमीला, दोन प्रत्यक्ष बैठकांना, एक विश्लेषणाला. नीतिसमितीची मंजुरी लागत असेल तर तिचा वेळ यात नाही. तो अर्ज सर्वांत आधी टाका.

विद्यार्थ्यांना द्यायची कामं लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात. '"असाइनमेंट" विभागात जाऊन फाइल सबमिट करा' असं काम दिलंत तर उत्तर तुम्हीच दिलंत, विद्यार्थी फक्त तो शब्द शोधेल. त्याऐवजी म्हणा: 'तुमचा निबंध लिहून झाला आहे. तो शिक्षकांपर्यंत पोचवा, आणि पोचल्याची खात्री झाली की मला सांगा.' या वाक्याचा दुसरा भाग जपून ठेवा. काम कधी संपलं हे विद्यार्थ्याने ठरवायचं. तो 'झालं' म्हणतो आणि पडद्यावर 'मसुदा' लिहिलेलं असतं, तो क्षण पकडण्यासाठीच तर ही सगळी मांडणी आहे.

शक्य तिथे विद्यार्थ्याचं स्वतःचं खातं, स्वतःचा फोन आणि त्याचं रोजचं नेटवर्क वापरा. नमुना खात्यात दोन विषय असतात आणि सगळं हाताशी दिसतं. खऱ्या खात्यात आठ-नऊ विषय, मागच्या सत्राचे न हटवलेले कोर्स आणि न वाचलेल्या सूचनांचा ढीग असतो. सरावाची फाइल टाकण्यासाठी प्रत्येकाला एका नमुना विषयात नोंदवून घ्या, म्हणजे खऱ्या असाइनमेंटला धक्का लागणार नाही. गुणांची पानं उघडणार असतील तर रेकॉर्डिंग आधी थांबवा.

बैठक ६० मिनिटांची: पाच मिनिटं संमती आणि ओळख, दहा मिनिटं मागच्या खऱ्या प्रसंगाबद्दल, पस्तीस मिनिटं कामं, शेवटची दहा राहिलेल्या प्रश्नांना. पस्तीस मिनिटांत चार कामं होतात, सहा कोंबू नका. दोन बैठकांमध्ये अर्धा तास आणि दिवसाला चारच बैठका. पाचवीत निरीक्षकाचं लक्ष उरत नाही. विद्यार्थी अडला की मदतीला धावण्याचा मोह आवरा. त्याने 'हे इथे दाबायचं का?' असं विचारलं, तर 'मी इथे नसतो तर तुम्ही काय केलं असतं?' एवढंच विचारा आणि गप्प राहा.

ज्या शिक्षकाच्या हातात गुण आहेत, तो त्या खोलीत नको, काचेपलीकडेही नको, रेकॉर्डिंग बघणाऱ्यांतही नको. सहभागाच्या बदल्यात गुण देऊ नयेत. संमतिपत्रात रेकॉर्डिंग कोण बघेल आणि कोणत्या तारखेला पुसलं जाईल हे साध्या भाषेत लिहा, आणि त्या तारखेला ते खरंच पुसा.

प्रश्नावलीला जागा आहे, पण ती इथून पुढे. जॉन ब्रुक यांची १९८६ मधली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल), म्हणजे प्रणाली वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारी प्रश्नावली दहाच विधानांची आहे, प्रत्येकाला उत्तर एक ते पाच. विषम क्रमांकाच्या उत्तरातून एक वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर पाचातून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं. मिळणारा आकडा ० ते १०० मधला असला तरी तो टक्के नव्हे. बदलाआधी आणि बदलानंतर तुलना करायला ती कामाची. कुठे काय बिघडलंय हे विचारायला नाही.

टिपणं त्याच दिवशी लिहून काढा. एका रकान्यात दिसलं ते, दुसऱ्यात तुम्ही लावलेला अर्थ. 'बटण दिसलं नाही' हा अर्थ झाला. 'फाइलचं नाव दिसल्यावर पान खाली न सरकवता टॅब बंद केला' हे निरीक्षण. पाचांतले तीन अडले तर 'पाचपैकी तीन' असंच लिहा, '६० टक्के विद्यार्थी' असं लिहू नका. तो आकडा अहवालातून बाहेर पडला की साऱ्या विद्यापीठाचा होऊन बसतो. आणि गांभीर्य फक्त संख्येवर ठरवू नका. तिघांना रंग आवडला नाही आणि एकाची मुदत चुकली, तर आधी मुदत. रंग उद्याही बदलता येतो, गेलेली मुदत परत येत नाही.

निर्णय झाला, पद्धत एकसारखी केली, तरी खर्चाच्या तक्त्यात एक फेरी शिल्लक ठेवा. पुढच्या सत्रात त्याच आठवड्यांतला लॉग काढून मसुद्यात अडकलेल्या फाइलींचं प्रमाण मागच्या सत्राशी ताडून बघा, आणि तीच कामं आणखी पाच जणांना द्या. हे पाच नवे हवेत. जुन्यांना ते बटण कुठे आहे हे आता ठाऊक झालेलं असतं.