कावळा न शिवण्याचा हक्क

पत्रिकेवर माझा विषय 'कृत्रिम बुद्धिमत्ता, मृत व्यक्ती आणि कायदा' असा छापलाय. कायद्याकडे येतोच, वेळ उरला तर. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मी पाहिलंय.

रोमान माझुरेन्कोची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. २०१५च्या नोव्हेंबरात मॉस्कोत गाडीच्या धडकेनं तो गेला. त्याची मैत्रीण युजीनिया कुइदा हिची सॅन फ्रान्सिस्कोत चॅटबॉटचीच, म्हणजे माणसासारख्या गप्पा मारणाऱ्या संगणकी प्रोग्रामची, कंपनी होती. तिनं स्वतःकडचे आणि मित्रमंडळींकडचे त्याचे मेसेज गोळा केले, आठ हजारांहून जास्त ओळी, आणि त्यांवरून बॉट घडवला. तुम्ही लिहायचं, 'रोमान' त्याच्या ढंगात उत्तर देणार. आईला बरं वाटलं. काही मित्र त्याच्या वाटेलाही गेले नाहीत. आणि वडील म्हणाले, हा कधी कधी चुकीचं उत्तर देतो. मला ते वडील फार आवडतात! आता तर एवढा खटाटोपही नको. २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉननं अलेक्सा या आपल्या बोलत्या मदतनिसाकडून आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखवली. मिनिटभराहून कमी आवाज पुरतो म्हणे.

आता आमचे काका. वाईला कृष्णेच्या घाटावर दहावा. पिंड मांडले, कावळे समोरच्या झाडावर, आणि एकही खाली येईना. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, धाकटीचं लग्न थाटात करून देऊ. कावळे ढिम्म. आईला सांभाळू. ढिम्म. आत्याबाई म्हणाल्या, अरे, त्यांना चहाचं विचार. चहाचा कप आणून ठेवला, तोही निवला. गुरुजींना पुढे आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा चुलतभाऊ आमच्याकडे पाठ करून हळूच पुटपुटला, "बरं, वाडा विकत नाही." आणि आला की हो कावळा! (हशा) वाडा पुढे विकला, ती गोष्ट वेगळी. माझा यावर विश्वास आहे का, हे कृपया विचारू नका, घरचे पहिल्या रांगेत बसलेत.

पण बघा, गेलेल्या माणसाला रुसायची सोय आपण ठेवली होती. तासभर सगळ्यांना उन्हात उभं करायची मुभा होती त्याला. बॉट रुसत नाही. रात्री दोनला विचारा, उत्तर हजर. वाडा विकू का म्हणून जरा गोड विचारलंत, तर तोही विकून टाक म्हणेल. काका तसं म्हणाले नसते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तर कायदा, धावत-पळत. २०२३च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नॉमिनी नेमायची तरतूद आहे. आपल्यामागे आपले डेटाविषयक हक्क तो बजावू शकतो. छान. पण घरगुती, खासगी वापराला तोच कायदा लागू नाही. म्हणजे मुलानं घरी बसून बापाचा बॉट केला, तर नॉमिनी काय करणार? त्याच वर्षी, सुशांतसिंह राजपूतवरच्या चित्रपटाविरुद्ध त्याच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात, दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, व्यक्तिमत्त्वाचे, म्हणजे स्वतःच्या नावा-चेहऱ्यावरचे, हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे येत नाहीत. तरी बंदी घाला असं मी म्हणत नाही. दुःखातल्या माणसाला कोण अडवणार? पण ज्याचा बॉट करायचा, त्याचा होकार जिवंतपणी लेखी हवा, आणि होकार नसेल तर कंपनीनं काम घेऊच नये. कायद्यात एवढं घाला, बास.

माझ्यापुरतं मी मृत्युपत्रात लिहायला सांगितलंय: माझी पत्रं वाचा, मला बोलायला लावू नका. वकील म्हणाले, याला रकाना नाही. म्हटलं, मागच्या बाजूला लिहा.