शंभुनाथ डे यांचा दोन पानी निबंध

श्रोतेहो, नमस्कार.

प्राध्यापकांची निवड असो वा बढती, एक प्रश्न आता हमखास येतो : पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती? एच-इंडेक्स २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी सुचवला. तुमच्या २० शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी प्रत्येकी निदान २० वेळा केला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स २०. आकडा चटकन काढता येतो, म्हणून तो पसरला. मला मात्र हे आकडे पाहिले की कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे आठवतात.

डे यांचा जन्म १९१५चा, हुगळी जिल्ह्यातला. पदाने ते विकृतिशास्त्राचे (पॅथॉलॉजीचे) अध्यापक, पण त्यांना पडलेला प्रश्न अस्सल शरीरक्रियाशास्त्राचा (फिजिऑलॉजीचा) होता. कॉलराच्या गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. हे पाणी आतड्यात येते कसे? जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख १८८३च्या अखेरीस कलकत्त्यात आले, त्यांनी जंतू ओळखला आणि हा जंतू विष सोडत असावा असा तर्कही केला. त्यानंतर अनेकांनी ते विष शोधण्याचा प्रयत्न केला. कोणी प्राण्याच्या रक्तात टोचून पाहिले, कोणी पोटाच्या पोकळीत. रोग आतड्याचा, आणि तपास भलतीकडेच.

डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्या बंद भागात कॉलराचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. मग त्यांनी जंतू वाढवलेले द्रावण गाळून एकही जंतू शिल्लक ठेवला नाही, आणि नुसते ते द्रावण आतड्यात घातले. तरीही पाणी साचले! म्हणजे विष जंतूच्या बाहेर पडते आणि आतड्याच्या अस्तरावर आतल्या बाजूने काम करते. १९५९ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलेला हा निबंध जेमतेम दोन पानांचा आहे. प्रयोगाची इतकी स्वच्छ मांडणी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने तो मूळातून वाचावा.

सुरुवातीला त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. ते विष शुद्ध रूपात हाती यायला १९६९ उजाडले. त्या विषामुळे अस्तराच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकतात आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी जाते, हेही पुढे उलगडले. पेशी मात्र शाबूत राहतात आणि ग्लुकोजबरोबर सोडियम शोषण्याची त्यांची वाट चालू असते. जलसंजीवनी लागू पडते ती त्यामुळेच. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालानबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कितीतरी जीव वाचवले.

१९६० साली एखाद्या निवड समितीने डे यांच्या या निबंधाचे सायटेशन मोजले असते, तर काय दिसले असते? जवळजवळ काहीच नाही. भारतातल्या विज्ञान अकादम्यांनी त्यांना कधी सदस्यत्व दिले नाही. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी मात्र त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. आणि सायटेशन मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली, त्या यूजीन गारफिल्ड यांनीच १९८६ साली कॉलरा संशोधनाचा दशकांचा आलेख मांडून त्यात डे यांचे स्थान दाखवून दिले. डे त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

गारफिल्ड यांनी आकडे वापरले, पण शेजारी निबंध उघडून ठेवले. आपल्याकडे हे दुसरे काम गळते. उलटे उदाहरणही आहे : जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध म्हणजे ऑलिव्हर लोरी यांची १९५१ची प्रथिने मोजण्याची रीत. उल्लेख तीन लाखांच्या वर. रीत उपयोगाची खरीच, पण हा निबंध थोर नव्हे असे लोरींचेच मत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य शोध-नियतकालिकांची 'यूजीसी-केअर' यादी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्रातून सांभाळली जात होती. २०२५मध्ये ती बंद झाली. कोणते नियतकालिक चांगले, हे आता विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनीच ठरवायचे आहे. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे : उमेदवाराला त्याचा एकच निबंध आणायला सांगा, समितीतल्या प्रत्येकाने तो आदल्या दिवशी वाचावा, आणि मुलाखतीतला पहिला अर्धा तास फक्त त्यावर बोला. एच-इंडेक्सचा रकाना त्यानंतर पाहा.

नमस्कार.