पाणी, माती आणि दोन फुटांची वाट

[दृश्य : पहाटेचे जंगल. पानांवरून टपकणाऱ्या थेंबांचा आवाज. कॅमेरा जमिनीलगत.]

रात्रभर कोसळणारा पाऊस तासाभरापूर्वी थांबला आहे, पण झाडांवरून थेंब अजून टपकत आहेत. डोंगराच्या अंगाने गेलेली ही वाट जेमतेम दोन फूट रुंद आहे. कालपर्यंत तिच्यावर सायकलींच्या टायरची नक्षी स्पष्ट दिसत होती. ती आता पुसली गेली आहे आणि तिच्या जागी पाण्याने आणून सोडलेल्या बारीक काड्यांची, कुजलेल्या पानांची एक रेघ उमटली आहे. ही रेघ वाटेच्या लांबीने न जाता वाट आडवी ओलांडून खालच्या उतारावर उतरलेली दिसते. याचा अर्थ असा की, पाणी वरून आले, वाटेला स्पर्श करून पलीकडे निघून गेले आणि जाताना त्याने माती फारशी नेली नाही. ज्यांनी ही वाट खोदली, ते पावसानंतर सर्वांत आधी ही रेघ शोधतात.

जंगलातल्या माउंटन बाइकिंगची चित्रणे पाहताना आपली नजर सायकलस्वारावर खिळते, आणि ते स्वाभाविकही आहे. या चित्रफितीत मात्र आम्ही नजर थोडी खाली, टायर आणि माती जिथे एकमेकांना भेटतात तिथे ठेवली आहे, कारण या खेळाचा आनंद आणि या खेळाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी आमच्या मते तिथेच आहेत.

[दृश्य : जुन्या, जाड टायरच्या सायकली. मातीचा रुंद रस्ता.]

हा खेळ सुरू झाला तेव्हा त्याच्यासाठी आखलेल्या वाटा नव्हत्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीमध्ये काही तरुण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जड सायकली डोंगरावर नेत आणि वणवा विझवणाऱ्या पथकांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून वेगाने खाली उतरत. फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत घेतली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात असे आणि पेडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारात हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. १९७७ मध्ये याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी जुन्या सांगाड्यांची डागडुजी करत बसण्याऐवजी डोंगरासाठी नव्यानेच फ्रेम घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांनी बनवलेल्या फ्रेमच्या सायकली विकायला सुरुवात केली. पुढचा प्रवास झपाट्याने झाला. १९९० मध्ये कोलोराडोतील दुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला.

रिपॅकचा रस्ता सुमारे सव्वातीन किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटर खाली उतरतो, म्हणजे त्याचा सरासरी उतार १२ टक्क्यांच्या आसपास भरतो. मोटारगाडीसाठी काढलेल्या रुंद रस्त्यावर हे कसेबसे निभावते. जंगलातल्या अरुंद मातीच्या वाटेला मात्र असा उतार फार काळ सोसत नाही.

[दृश्य : उताराच्या दिशेने सरळ खाली गेलेली, ओघळ पडलेली जुनी वाट.]

ही जुनी वाट पाहा. ती डोंगरमाथ्यावरून नाकासमोर सरळ खाली आली आहे. पाण्यालाही खाली जाण्यासाठी हाच सर्वांत जवळचा मार्ग सोयीचा असल्याने प्रत्येक पावसात पाणी याच वाटेने धावले, धावता धावता वेग घेत गेले आणि त्या वेगाने आधी माती, मग बारीक खडे आणि शेवटी मुठीएवढे दगड सोबत घेऊन गेले. आता इथे गुडघाभर खोल ओघळ आहे आणि दोन्ही बाजूंना झाडांची मुळे उघडी पडली आहेत. ओघळातून जाता येत नाही म्हणून लोक कडेने गेले, त्यामुळे शेजारी दुसरी वाट पडली, आणि आता त्या दुसऱ्या वाटेलाही ओघळ पडू लागला आहे.

म्हणून वाट आखणारी माणसे डोंगराला आडवी वाट काढतात. समोच्च रेषेला, म्हणजे डोंगरावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला जवळ राहून ती हळूहळू चढते किंवा उतरते. त्यांचा एक सोपा नियम असा आहे की, वाटेचा उतार हा ज्या डोंगरउतारावरून ती जाते त्याच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. डोंगराचा उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, कारण त्याहून तीव्र झाली की पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेलाच नदी समजू लागते. उतार कितीही उभा असला तरी संपूर्ण वाटेची सरासरी साधारण १० टक्क्यांच्या आत ठेवण्याकडे त्यांचा कल असतो.

त्यानंतर येतो वाटेचा बाहेरच्या, म्हणजे खालच्या उताराकडच्या बाजूला दिलेला ढाळ. तो साधारण ५ टक्के ठेवतात. दोन फूट रुंदीच्या वाटेवर हा ढाळ मोजायला गेलो तर आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा फक्त तीन सेंटीमीटर उंच भरते. वाटेवरून चालताना हा फरक पायाला जाणवतही नाही, पण पाण्याला तो लगेच कळतो. अडचण अशी की, हा ढाळ टिकत नाही. चाकांनी आणि पावलांनी वाटेचा मध्य दबतो, कडेला मातीचा बारीक बांध तयार होतो आणि पाणी पुन्हा आत अडकते. यावरचा उपाय मला या सगळ्या विद्येतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. उतरत्या वाटेला ठरावीक अंतराने थोडा वेळ वर चढवायचे आणि मग पुन्हा उतरवायचे. मधल्या खोलगट जागी पाण्यापुढे बाहेर पडण्याशिवाय पर्याय उरत नाही, कारण पाणी चढ चढू शकत नाही. गंमत अशी की, सायकलस्वाराला ज्या लाटेसारख्या चढउतारावर पेडल न मारताही वेग मिळतो, आणि ज्याच्यासाठी तो ही वाट पुन्हा पुन्हा धुंडाळतो, तो बहुतेक वेळा पाणी काढून देण्यासाठीच तिथे घातलेला असतो.

[दृश्य : हातांनी चाललेले खोदकाम. अवजारांचा आवाज.]

हे काम बऱ्याच अंशी हातांनी होते. वरचा पालापाचोळा आणि कुजलेल्या पानांचा मऊ थर आधी बाजूला ओढला जातो, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि दाबला तरी घट्ट बसत नाही. खालची खरी माती लागली की डोंगराच्या अंगात पायरीसारखी खाच पाडतात. वाट संपूर्णपणे मूळच्या घट्ट जमिनीवर असावी, यासाठी खोदून निघालेली माती वाटेच्या कडेला न भरता दूर खाली विखुरतात. कामगाराच्या हातातल्या या अवजाराच्या एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते आहे आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे आडवे पाते आहे, त्यामुळे मूळ तोडणे आणि माती ओढणे ही दोन्ही कामे अवजार न बदलता होतात. याला पुलास्की म्हणतात. १९१० च्या अमेरिकेतील महाभयंकर वणव्यात आपल्या तुकडीला खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणारे वनरक्षक एड पुलास्की यांच्यावरून हे नाव आले आहे.

[दृश्य : सायकलस्वार उतारावर. वळण.]

आता याच वाटेवरून सायकल जाऊ द्या. स्वार सीटवरून उठलेला आहे, दोन्ही पेडल जमिनीला समांतर आहेत, कोपर आणि गुडघे सैल आहेत आणि नजर चाकाजवळ नसून वळणाच्या पलीकडे आहे. टायरची मातीवरची पकड मर्यादित असते. ती ब्रेक लावण्यात खर्च झाली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून जाणता स्वार वळणाच्या आधीच वेग कमी करतो आणि वळणात ब्रेक सोडून देतो. ओल्या मुळावर तर तो ब्रेकला हातही लावत नाही. शक्य तितक्या काटकोनात त्यावरून जातो आणि चाकाला आपोआप गडगडू देतो. घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचे थांबते आणि मातीवर खरवडत जाते. ते खरवडणे पाच-सहा फुटांचेच असते, पण त्या चरातून पुढच्या पावसाचे पाणी वाट काढते.

विल्सन आणि सेनी या संशोधकांनी अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील वाटांवर केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ओल्या केलेल्या वाटांवर घोड्यांचे खूर आणि माणसांची पावले ही चाकांपेक्षा अधिक माती सुटी करतात, असे त्यांना आढळले. सायकलस्वार हा निष्कर्ष मोठ्या समाधानाने सांगतात. तो सांगण्याचा त्यांना हक्क आहे, पण फिरणारे चाक आणि घसटत जाणारे चाक यांत फरक आहे, हे त्याच दमात सांगायला हवे. वाट इतकी ओली असेल की मागे टायरचा खोल चर राहतो आहे, तर तिथूनच परत फिरावे. वाटेत डबके लागले तर त्याला वळसा न घालता मधून जावे, कारण प्रत्येक वळशाने वाट रुंदावते.

[दृश्य : कुंपण, कुरण, पलीकडे जंगल.]

डोंगराळ ग्रामीण भागातली जंगले नेहमीच सरकारी नसतात. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या ईशान्य भागात १९९४ पासून उभे राहिलेले किंगडम ट्रेल्स हे वाटांचे जाळे शंभर मैलांहून मोठे आहे आणि त्याचा बहुतांश भाग खासगी जमीनमालकांनी दिलेल्या परवानगीवर चालतो. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांपैकी तीन मालकांनी आपल्या जमिनीवर सायकलींना बंदी केली आणि वर्षानुवर्षे लोकांच्या आवडीच्या असलेल्या वाटा सायकलस्वारांसाठी बंद झाल्या. खोदलेली माती तशीच होती, ढाळही शाबूत होता, फक्त परवानगी उरली नव्हती. घोडेस्वार समोर आला की सायकल थांबवून उतरणे, फाटक जसे होते तसे लावून पुढे जाणे आणि कोणाच्या अंगणालगत वेग कमी करणे, या गोष्टींना मी वाटेच्या डागडुजीचाच भाग मानतो.

[दृश्य : पुन्हा पहिली जागा. दुपार.]

पाऊस पुन्हा सुरू झाला आहे. वाटेवर आता एकही सायकल नाही. अंगावर रेनकोट घातलेला एक जण खोलगट जागेपाशी उकिडवा बसला आहे आणि कडेला साचलेला मातीचा बांध फावड्याने कापतो आहे. वीतभर कापल्यावर तो हात थांबवतो. साचलेले गढूळ पाणी क्षणभर जागीच थबकते, मग कापलेल्या जागेकडे सरकते आणि खालच्या पानांमध्ये उतरते. तो आणखी थोडा वेळ बसून पाणी पाहतो, फावडे उचलतो आणि पुढच्या खोलगट जागेकडे चालू लागतो.