दूधकट्ट्याच्या गावात बिनदुधाचं चॉकलेट

नमस्कार. संध्याकाळची वेळ आहे. गंगावेशीत आत्ता म्हशी आल्या असतील, गिऱ्हाइकासमोर धार काढली जात असेल आणि फेसाळ पेला लोक उभ्याउभ्या संपवत असतील. त्या गावात मी बिनदुधाच्या, तेही कच्च्या चॉकलेटवर बोलायला उभी आहे. निघताना आमचे दीर म्हणालेच, "वहिनी, दुधानं तुमचं काय वाकडं केलंय?"

काही नाही केलं. ज्यांना दूध पचतं त्यांनी खुशाल प्यावं. पण पेला घेतला की तासाभरात ज्यांच्या पोटात गुडगुड सुरू होते अशी माणसं आपल्यातही आहेत, ती फक्त कोल्हापुरात तसं कबूल करत नाहीत. मला स्वतःला साठी ओलांडल्यावर हा त्रास सुरू झाला आणि मग मी या चॉकलेटच्या नादी लागले. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं असल्यामुळे नुसतं खाऊन गप्प बसणं जमलं नाही.

तसं पाहिलं तर चॉकलेटमध्ये दूध फार उशिरा आलं. मध्य अमेरिकेतले लोक कित्येक शतकं कोको वाटून पाण्यात घुसळून प्यायचे, त्यात मिरचीसुद्धा घालायचे. म्हणजे आपलेच पाहुणे म्हणायला हरकत नाही! दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरनं १८७५ साली जमवलं.

आता 'कच्चं' या शब्दाकडे येऊ. वेष्टनावर हा शब्द मोठा असतो, किंमत त्याहून मोठी. कोकोचं फळ फोडलं की आत पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या ढिगानं झाकून पाच-सहा दिवस आंबवतात. आपण इडलीचं पीठ उबेला ठेवतो तसंच, पण इथं ढीग स्वतःच तापतो, ४५ ते ५० अंशांपर्यंत जातो. आंबवल्याशिवाय चॉकलेटची चव येत नाही. नेहमीचं चॉकलेट करणारे त्यानंतर बिया १२० अंशांच्या पुढे भाजतात. कच्चंवाले भाजत नाहीत, साधारण ४२ ते ४८ अंशांच्या आत ठेवतो म्हणतात. पण ढीगच पन्नासाला पोचला असेल तर?

शंका आली म्हणून मी केरळातून न भाजलेल्या बिया मागवल्या आणि इडलीच्या वेट ग्राइंडरमध्ये वाटायला घेतल्या. दोन तासांनी थर्मामीटर बुडवला, पारा ५१ वर. खाली गॅस नाही, काही नाही, नुसती दगडाची घासण. तेव्हापासून वेष्टनावरचा तो शब्द मी वाचते आणि पुढं जाते.

न भाजण्याचा फायदा अगदीच नाही असं नव्हे. कोकोतली फ्लॅव्हनॉल्स, म्हणजे रक्तवाहिन्यांना उपयोगी मानली जाणारी द्रव्यं, भाजताना थोडी घटतात. पण क्षार घालून काळीकुट्ट केलेल्या कोको पावडरीत ती कितीतरी जास्त घटतात, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. उलट भाजल्यानं जंतू मरतात. बिया उघड्यावर वाळतात, त्यावर कोंबड्या फिरतात, पाखरं बसतात. त्यामुळे गरोदर बाई आणि लहान मूल यांना कच्चं देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आरोग्याचं काय? हिशेब करा. सत्तर टक्के कोकोच्या चॉकलेटमध्ये उरलेले तीस टक्के बहुतेक साखरच असते. तीस ग्रॅम खाल्लं तर नऊ ग्रॅम, दोन चमचे. दुधाच्या चॉकलेटमध्ये अर्धी साखर धरा, म्हणजे पंधरा ग्रॅम. फरक इथं आहे. उष्मांक मात्र कमी नाहीत, कारण साखर कमी झाली तिथं कोकोचं लोणी आलं. लोणी म्हणतात म्हणून दचकू नका, ती बियांतलीच चरबी, दुधाचा संबंध नाही. कडू असल्यामुळे दोन तुकड्यांवर हात थांबतो, हा मला झालेला खरा फायदा. ते कच्चं होतं म्हणून नव्हे.

साखर नको तर गूळ घालू, हे कोल्हापूरकराला सुचणारच. मलाही सुचलं. चांगली ढेप आणली, किसली, पातळ चॉकलेटमध्ये टाकली. अर्ध्या मिनिटात सगळं घट्ट होऊन बसलं, पळी उभी राहिली! गुळात ओल असते आणि पातळ चॉकलेटला थेंबभर पाणी खपत नाही, सगळी साखर एकमेकीला चिकटते. नातवानं त्याचे लाडू वळून खाल्ले. नंतर पूर्ण कोरडी गूळपावडर घेतली तेव्हा जमलं. चव काकवीची येते, मला आवडते. पण गूळ घातला म्हणून मधुमेह्यांनी हात पुढं करू नये, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच.

विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ज्यांना दुधाची अॅलर्जी आहे त्यांनी तर नक्कीच, कारण त्याच यंत्रावर दुधाचंही चॉकलेट झालेलं असू शकतं. एप्रिल-मेमध्ये कुरिअरनं मागवू नका. माझी एक महागडी वडी वितळून, पुन्हा गोठून, पांढरे डाग घेऊन आली. ती बुरशी नव्हे, चरबी वर आलेली असते, खाल्लं तर चालतं. पण जिभेला खडूसारखं लागतं.

वाटी मागच्या रांगेपर्यंत पोचली का? चावू नका, जिभेवर ठेवा. चौतीस अंशांच्या आसपास विरघळतं, तोंडात आपोआप सुटेल. आधी आंबट लागेल, मग कडू. उरलेले तुकडे घरी नेलेत तर कुत्र्याला मात्र चाखवू नका, त्यातलं थिओब्रोमिन त्याला विषासारखं बाधतं. हं, त्या काकूंचा हात केव्हाचा वर आहे. विचारा.